नऊ मीटरची गल्ली

एरंडवणे, पुणे

ती. ताईस,


समोरच्या सोसायटीच्या पुनर्विकासाविरुद्ध गल्लीत अर्ज फिरतोय, त्यावर मी सही केली. आणि परवा आपल्याच सोसायटीच्या पुनर्विकासाचा ठराव सहीसाठी आला, तो उशाशी ठेवून झोपलो. हसू नकोस.

समोर बारा बिऱ्हाडं आहेत, त्यांची अठ्ठावीस होणार. लोक पाण्याबद्दल बोलतात, ते खरंच आहे. आत्ताच मे महिन्यात टँकर येतो. ‘कोण कुठले लोक येतील’ हे मात्र मला ऐकवत नाही. १९७४ साली बंगला पाडून आपली इमारत उभी राहिली, तेव्हा शेजारच्या काकू कितीतरी वर्षं आपल्याला ‘फ्लॅटवाले’च म्हणायच्या. आठवतं?

माझी खरी धास्ती रस्त्याची आहे. रविवारी आम्ही तिघं म्हातारे टेप घेऊन गल्ली मोजायला उतरलो. कुठे साडेसात मीटर, कुठे त्याहून कमी. २०२० च्या बांधकामाच्या एकात्मिक नियमावलीत रस्ता नऊ मीटरच्या आत असला की एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते, १.१ वर थांबतो. नऊ भरले की पैसे भरून मिळणारा प्रीमियम आणि दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामहक्क, म्हणजे टीडीआर, धरून २ पर्यंत जातो, वर अँसिलरी एफएसआय वेगळा. म्हणून समोरचे आपली भिंत आत घेणार, पुढे आपणही घेऊ. पण गल्लीच्या तोंडाशी तो जुना बंगला आहे, त्याची भिंत जागची हलणार नाही. गेल्या पावसाळ्यात तिथेच रुग्णवाहिका अडकली. शेवटी पेशंटला खुर्चीत बसवून बाहेर नेलं. म्हणजे रुंदी मिळणार ती आमच्या दारापुढे, बाटलीचं तोंड तेवढंच.

तरी विरोध कुठल्या तोंडानं करू? गुडघे गेलेत, लिफ्ट नाही, गच्ची गळते. २०१९ पासून निम्म्याहून जास्त, ५१ टक्के, सभासदांची संमती पुनर्विकासाला पुरते. मी अडून बसलो तरी काही अडणार नाही. मी एवढंच मांडणार आहे की गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांनी एकत्र बसून आधी तोंड मोकळं करून घ्यावं, ड्रेनेजची लाइन बदलून घ्यावी, मग मजले चढवावेत. सेक्रेटरी म्हणतात, बिल्डर तेवढा थांबत नाही.

फ्लॅट आपल्या दोघांच्या नावावर आहे. सभा येत्या रविवारी दहाला. त्याआधी फोन कर, आणि भाऊजींना विचारून नको, तुझं तू सांग.

तुझा,
बाळ