गडव्यावरची वीज

दिवाळीच्या सुटीत मी साकोली तालुक्यातील आमच्या गावी, एकोडीस, गेलो होतो. आजीने जुना पितळी गडवा ओसरीवर काढून ठेवला होता. त्याच्या पोटावर पोचा होता, आणि आता तळही झिरपू लागला होता. दुसऱ्या दिवशी तो भंडाऱ्यास मोडीत जावयाचा होता. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. तेव्हा गडवा जणू माहेरीच निघाला होता! "माझ्या मायनं दिलेला," एवढेच आजी म्हणाली. मी ठरविले, आज रात्रीच याचे छायाचित्र घ्यावयाचे.

गडव्याशेजारी धानाच्या दोन लोंब्या व चार शिंगाडे मांडले, कॅमेऱ्यावर नवा फ्लॅश बसविला आणि कळ दाबली. चित्रात गडवा पत्र्यासारखा सपाट! पोटावर पांढरा डाग, भिंतीवर काळीकुट्ट सावली. पोचा तर दिसेचना. समोरून आलेल्या उजेडाने तो बुजवून टाकला होता.

मग फ्लॅश काढून लांब तारेने जोडला व डावीकडे चार हातांवर ठेवला. चित्र अंधारले. दोन हातांवर आणला, तर सारे पांढरेफटक! अंतर निम्मे केले की उजेड दुप्पट नव्हे, चौपट होतो, हे पुस्तकात वाचले होते. पटले मात्र त्या रात्री. मध्ये आजोबांचे धुवट धोतर टांगले. इवल्याशा दिव्याच्या जागी रुंद उजळ पडदा झाला आणि सावलीच्या धारदार कडा मऊ झाल्या.

खरी अडचण निराळीच होती. समईची सावली पाहून समई सरकविता येते. फ्लॅश मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागात, कधी त्याहूनही लवकर, विझतो. सावली दिसण्यापूर्वीच नाहीशी होते. म्हणून मी आधी फ्लॅशच्या जागी विजेरी धरून सावल्या पाहू लागलो.

"काहून रे, किती वेळा वीज पाडशील त्या गडव्यावर?" आजीने विचारले.

एकतिसाव्या चित्रात पोचा उमटला. त्याच्या खळग्यात चंद्रकोरीसारखी सावली होती. पितळेत धोतराचा पांढरा पट्टा, आणि कडेला बारीकसा मी! कॅमेऱ्याच्या पडद्यावर आजी ते बराच वेळ पाहत राहिली.

"नवी नवरी होती मी. विहिरीवर हातून सुटला," ती हळूच म्हणाली. "सासूच्या भेवानं कोणाले सांगतलं नाही."

सकाळी पिशवीत घालण्यापूर्वी तिने गडवा चिंचेने घासून लख्ख केला. मोडीत भाव वजनावर ठरतो, लकाकीवर नव्हे, हे तिला ठाऊक होते.