‘पॉलिथीन’मधील ‘ईन’

आपल्या घरात दहावीत शिकणारे कोणी असेल, तर त्याचे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक थोडा वेळ मागून घ्या आणि त्यातील ‘कार्बनी संयुगे’ हे प्रकरण उघडा. पुण्यात सेनापती बापट मार्गावरील ‘बालभारती’तून तयार होऊन आलेली ही पाने दरवर्षी लाखो मुले वाचतात. भाषेचा विद्यार्थी मात्र ती सहसा वाचत नाही. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मधे थांबले होते; नोकरी, शेती, संसार सांभाळून आपण पुन्हा अभ्यासाकडे वळला आहात. विज्ञानाचा विषय निघाला की ‘ते आमच्यासाठी नव्हे’ असे आपण म्हणता, हे संपर्कसत्रांत मी अनेकदा ऐकले आहे. माझे म्हणणे असे आहे, की हे प्रकरण प्रथम मराठीतील एक मजकूर आहे. त्यातील संज्ञांची आपण समासाप्रमाणे फोड करू लागलो, तर रसायनशास्त्रही बऱ्याच अंशी उलगडत जाते. कोठे संज्ञाच वाट चुकवते, तेही कळते.

हायड्रोकार्बन म्हणजे केवळ हायड्रोजन आणि कार्बन या दोन मूलद्रव्यांचे संयुग. गोबरगॅसमधील मिथेन, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील प्रोपेन आणि ब्युटेन ही या कुळातील आपल्या ओळखीची मंडळी. कार्बनचा अणू चार बंध करतो. शेजारच्या कार्बनशी त्याने एकच बंध केला आणि उरलेल्या सर्व जागी हायड्रोजन बसला, तर ते संयुग ‘संपृक्त’. दोन कार्बनांमध्ये दुहेरी वा तिहेरी बंध असला, तर ते ‘असंपृक्त’. ‘संपृक्त’ हा शब्द मराठीच्या विद्यार्थ्याला परका वाटू नये. ‘पृच्’ म्हणजे मिसळणे, जोडणे; त्या धातूपासून तो आला. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पहिल्याच श्लोकात शब्द आणि अर्थ यांच्या अभिन्न नात्यासाठी तो योजला आहे. मोठ्या घराण्यातला शब्द आहे. परंतु येथे तो थोडा फसवा ठरतो. ‘असंपृक्त’चा शब्दशः अर्थ ‘न जोडलेले’ असा होईल, आणि ज्या दोन कार्बनांमध्ये एकाऐवजी दोन बंध आहेत, ते तर अधिकच घट्ट जोडलेले असतात! उणीव आहे ती हायड्रोजनाची. म्हणून मराठीत आढळणारी ‘संतृप्त’ आणि ‘असंतृप्त’ ही दुसरी जोडी मला अधिक बोलकी वाटते. पोट न भरलेला अणू आणखी काही घ्यायला तयार असतो, हे त्या शब्दातच ऐकू येते.

आता नावांकडे पाहू. इथेन, इथीन, इथाइन. मूळ अंग एकच, दोन कार्बनांचे. बदलतो तो प्रत्ययातील स्वर. ‘एन’ म्हणजे एकेरी बंध, ‘ईन’ म्हणजे दुहेरी, ‘आइन’ म्हणजे तिहेरी. ही व्यवस्था कोणा वैयाकरणाला शोभावी अशी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांनी 1866 मध्ये रोमन लिपीतील स्वर ओळीने घेऊन असे प्रत्यय सुचवले आणि 1892 च्या जिनिव्हा परिषदेत त्यांतील मोजके स्थिरावले. एका स्वराने एवढा फरक पडतो का, असे वाटत असेल, तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आंब्याच्या दिवसांत चक्कर मारावी. पिकणारे फळ स्वतःच इथीन वायू सोडते आणि त्या वायूने शेजारचे फळ पिकू लागते. आपल्या आजीने गवतात आंब्यांची अढी घातली, ती हा वायू कोंडून ठेवण्यासाठीच. नाव तिला ठाऊक नव्हते, एवढेच. एक नासका आंबा सारी अढी नासवतो, या म्हणीमागेही काही अंशी हाच वायू आहे. आजच्या बंदिस्त खोल्यांत ठरावीक प्रमाणात इथीन सोडून फळे पिकवणे कायद्याला मान्य आहे. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकवणे मात्र निषिद्ध आहे. ओलाव्याने त्या कार्बाइडमधून निघतो तो इथाइन, आणि त्याच्याबरोबर आर्सेनिक, फॉस्फरस यांचे विषारी अंशही येऊ शकतात. इथेनने तर आंबा पिकतच नाही. तीन स्वर, तीन वेगळे व्यवहार.

हाच इथीन वायू आपल्या दुधाच्या पिशवीचा पूर्वज आहे. 27 मार्च 1933 रोजी इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट या दोघांना, अतिशय उच्च दाबाखाली ठेवलेल्या इथीनच्या पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला. ते शोधत होते निराळेच काही. त्या पदार्थाचे नाव पुढे पॉलिथीन झाले. वायूचा घन पदार्थ कसा झाला, हे समजण्यासाठी मी वर्गात मराठीच्या षष्ठीचा आधार घेतो. ‘मावशीच्या नणंदेच्या जावेच्या धाकट्या भावाच्या’ असे मी म्हणतो आणि थांबतो. सगळे वाट पाहत राहतात. ‘च्या’ हे रूप आपला एक हात पुढे मोकळा ठेवते. नवे नाम आले की ते त्याला धरते आणि पुन्हा एक मोकळा हात पुढे करते. ‘भावाचे लग्न’ असे म्हटल्यावरच साखळी मिटते. इथीनचेही असेच. आरंभक म्हणून वापरलेले द्रव्य एका रेणूच्या दुहेरी बंधातील एक बंध उघडते, एक टोक मोकळे होते, ते शेजारच्या इथीनचा बंध उघडून त्याला जोडून घेते, आणि मोकळेपणा नव्या टोकाकडे सरकतो. हजारो रेणू असे जोडले जातात. मग दोन मोकळी टोके एकमेकांना भेटतात आणि वाक्य पूर्ण होते.

या क्रियेचे नाव ‘समावेशन बहुवारिकीकरण’. नाव लांबलचक आहे खरे, सोडवून पाहा. ‘समावेशन’ म्हणजे सर्वांना आत घेणे. येथे एकही अणू बाहेर टाकला जात नाही. जेवढे आले तेवढे साखळीत राहिले. नायलॉन तयार होताना पाण्यासारखा लहान रेणू बाहेर पडतो, म्हणून त्या प्रकाराला ‘संघनन’ हे वेगळे नाव आहे. ‘बहुवारिक’ हा शब्द तर मला फारच आवडतो. ‘पॉलिमर’मधील ग्रीक ‘मेरॉस’चा अर्थ ‘भाग’. पॉलिमर म्हणजे पुष्कळ भागांचे. मराठी संज्ञेत भाग नाही, ‘वार’ आहे: ‘वारंवार’मधला वार, म्हणजे खेप, पाळी. जे पुष्कळ वेळा येते, ते बहुवारिक. ग्रीक नाव आपल्याला तयार वस्तू दाखवते, मराठी नाव घडण्याची क्रिया दाखवते. हिंदीने ‘बहुलक’ म्हणून भागले; मराठीने पुनरावृत्ती टिपली. संज्ञा घडवणाऱ्यांवर बोजडपणाचा आरोप आपण सहज करतो. काही वेळा तो खराही असतो. या शब्दापुरता मी तो मान्य करणार नाही.

परीक्षेत हमखास चुकणारी एक गोष्ट येथेच सांगतो. इथीन असंपृक्त, म्हणून पॉलिथीनही असंपृक्त, असे मुले लिहितात. दुहेरी बंध तर साखळी होतानाच उघडले गेले. पॉलिथीनमध्ये उरतात ते एकेरी बंध. नावातील ‘ईन’ हा केवळ पूर्वेतिहास आहे. पिढ्यान् पिढ्या पुण्यात राहिलेले घराणे ‘चिपळूणकर’ म्हणवते, तसे. आणि साखळी अशी तृप्त असल्यामुळेच तिला सहजासहजी काही चिकटत नाही, जीवाणूंना तिला तोडणे जमत नाही. 23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र शासनाने काढलेल्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेच्या नावात ‘अविघटनशील’ हा शब्द आहे. त्याचा उगम या एकेरी बंधांत आहे. (पुण्यातील कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये स्थापन झाली, तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. त्या नावात प्लास्टिक नाही. आज तिच्या सभासदांच्या पोत्यात ते किती असते, हे आपण रोज सकाळी पाहतो.)

आमच्या अभ्यासकेंद्रावर भोसरीच्या एका पिशव्यांच्या कारखान्यात काम करणारा एक विद्यार्थी होता. परिभाषेच्या तासाला तो गप्प असे. पॉलिथीनचे उदाहरण निघाले, तेव्हा त्याने विचारले, “सर, हे एलडी की एचडी?” मग बोलत राहिला. दाणा वितळवून त्याचा फुगा कसा फुगवतात, तो वर नेऊन रुळांत कसा दाबतात, हे त्याने हातांनी दाखवले. एलडीची पिशवी मऊ, ताणली जाणारी. एचडीची कडक, हातात चुरचुरणारी. डोळे मिटूनही तो आवाजावरून फरक सांगू शकत होता. मी त्याला कारण सांगितले. एलडीच्या साखळ्यांना जागोजागी फांद्या फुटलेल्या असतात, म्हणून त्या एकमेकींशेजारी नीट रचल्या जात नाहीत. एचडीच्या साखळ्या सरळ असतात. मोळीतल्या उसांसारख्या त्या दाटीने बसतात. अशा सरळ साखळ्या कमी दाबावर घडवण्याची युक्ती कार्ल त्सीग्लर यांनी 1953 मध्ये शोधली. तो म्हणाला, “म्हणजे आम्ही जे हाताने ओळखतो, ते हे.” त्याने वहीत ‘दाणा’ आणि ‘बहुवारिक’ हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले.

अडचण अशी, की हे दोन शब्द एरवी क्वचितच शेजारी येतात. विज्ञान शाखेत अकरावीपासून माध्यम जवळजवळ सर्वत्र इंग्रजी होते. मराठी विश्वकोशात ‘बहुवारिकीकरण’ आहे, दहावीच्या पुस्तकात ‘बहुवारिक’ आहे, आणि जूनमध्ये तोच मुलगा ‘पॉलिमर’ म्हणू लागतो. पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 पासून उभी आहे. बहुवारिकांवर तेथे मोलाचे संशोधन झाले. तिचे संचालकपद भूषवलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातूनच झाले होते. सेनापती बापट मार्गापासून ती प्रयोगशाळा फार दूर नाही. तरीही बालभारतीतून निघालेला शब्द तेथवर पोचत नाही; वाटेतल्या महाविद्यालयात तो गळून पडतो. ‘पॉलिमर’ म्हणण्यात काही गैर आहे असे मी मानत नाही. ‘हायड्रोकार्बन’ आपण तसेच ठेवले आणि बरेच केले. परंतु अर्थ सांगणारा शब्द हाताशी असताना तो एका वर्षात टाकून द्यायचा, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

या घटकाच्या स्वाध्यायासाठी आपण दोन याद्या करावयाच्या आहेत. पहिलीत ‘कार्बनी संयुगे’ या प्रकरणातील दहा संज्ञा त्यांच्या फोडीसह लिहा. जी फोड अर्थाची दिशाभूल करते, तिच्यापुढे तसे स्पष्ट नोंदवा. दुसरीत आपल्या स्वतःच्या व्यवसायातील दहा शब्द, आपण कामावर उच्चारता तसेच लिहा. दुसऱ्या यादीत शब्दकोश पाहू नये.