घाटातला दुसरा गिअर

पावसाळा सरता सरता महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरावं. क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचं उगमस्थान मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि खाली पोलादपुरात पुन्हा आपल्याला भेटते. नदीला उड्या घेत उतरायची मुभा आहे, रस्त्याला नाही. आंबेनळी घाट डोंगराच्या कडेकडेने, वळणामागून वळण घेत खाली येतो. वाटेत उजवी-डावीकडून झरे रस्त्यावर धावून येतात, कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा लागतो, धुकं येतं आणि जातं. जवळपास साडेतेराशे मीटरवरून निघालेली गाडी चाळीसेक किलोमीटरांत कोकणच्या तळाला लागते.

एवढी उंची फुकट उतरता येत नाही, तिचा हिशोब चुकता करावा लागतो. चार माणसं आणि सामान धरून १२०० किलो वजनाची गाडी १३०० मीटर खाली आली, की सुमारे दीड कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधं ४५ लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरेल. थोडी वारा घेतो, थोडी टायर घेतात. उरलेली सगळी एक तर ब्रेकनी घ्यायची, नाही तर इंजिनाने. गिअरच्या गाडीत हे वाटप ड्रायव्हर करतो. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’वर ठेवली, की ते तिच्या मर्जीवर जातं. ते परत आपल्या हाती घेता यावं, म्हणूनच लिव्हरच्या बाजूला ‘एम’ असं अक्षर आणि त्याच्या वर-खाली अधिक-उणेच्या खुणा असतात. ही खाच आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं न वापरता पडून असते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गिअर माणसाच्या हातून काढून घ्यायला मोटारींच्या जगाला मोठी खटपट करावी लागली. जनरल मोटर्सने १९३९ साली हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि ओल्ड्समोबिलच्या गाड्यांमधून क्लचचं पेडल गेलं. पुढे ५० वर्षांनी काटा उलट फिरू लागला. १९८९च्या ब्राझील ग्रांप्रीत नायजेल मॅन्सेल ज्या फेरारीने जिंकला, तिच्यात स्टीअरिंगच्या मागे दोन पाती होती. क्लचची कटकट यंत्राकडे राहिली, पण कोणता गिअर आणि केव्हा, हे बोटांकडे आलं. त्याच सुमारास पोर्शेने ९११मध्ये टिपट्रॉनिक दिला : एरवी पूर्ण ऑटोमॅटिक, पण लिव्हर शेजारच्या खाचेत घेतला की हुकूम चालकाचा. आपल्याकडे ही सोय सामान्य माणसाच्या दारात आली ती २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओबरोबर. तिच्या एएमटी नावाच्या व्यवस्थेत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम आपल्या हातापायांऐवजी एक यंत्रणा करते.

गाडीचा संगणक काही कमी हुशार नसतो. वेग, इंजिनाचे फेरे, पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबलाय, हे त्याला क्षणाक्षणाला कळतं. काही गाड्यांना चढ-उतारही ओळखता येतो. पण त्याला कळतं ते चाकाखालचं. पुढच्या कड्याआडून एसटीचा हॉर्न आला, हे त्याच्या गावी नसतं. वळणापलीकडे रस्ता आणखी तीव्र उतरणार आहे, गुराखी गुरं घेऊन परतायची ही वेळ आहे, काल इथे दरडीची माती आली होती, हे चालकाला ठाऊक असतं. घाटातला गिअर निवडायचा तो येणाऱ्या पाच-दहा सेकंदांसाठी, आणि ते दिसतात फक्त काचेतून पाहणाऱ्याला.

चढताना याचा पहिला प्रत्यय येतो. वळण आलं म्हणून पाय उचलला, की ‘डी’मधल्या गाडीला वाटतं, आता ताकद नको. ती वरचा गिअर घेते. वळण संपतं, चढ समोर उभा राहतो, आपण पाय देतो आणि गाडी क्षणभर अडखळते, खालचा गिअर शोधते, सगळ्यांच्या माना पुढे-मागे होतात. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. ‘एम’वर घेऊन दुसरा धरून ठेवला, की ही धरसोड थांबते. इंजिन एका सुरात बोलत राहतं आणि वळणातून बाहेर पडताना ताकद पायाखाली तयार असते.

उतरताना मात्र हा जिवाशी गाठ घालणारा मामला होतो. वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्ता सरळ असतानाच, ब्रेकने वेग थोडा कमी करावा. मग डावा हात लिव्हरवर जातो. ‘डी’मधून तो शेजारच्या खाचेत सरकतो. डॅशबोर्डवर एरवी न दिसणारा आकडा उमटतो : ३. उणेच्या दिशेने एक हलका धक्का. पाऊण-एक सेकंद काहीच होत नाही, मग ३चा २ होतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी कुणी मागून धरल्यासारखी सावरते. उजवा पाय आता कशावरच नाही. तरीही गाडी सुटत नाही. उतारावर बैल मागे रेलून जू पेलतात आणि भरल्या गाडीला तोलून धरतात, तसं इंजिन सगळा भार अंगावर घेतं. वळण येतं, स्टीअरिंग फिरतं, वळण मागे पडतं. मागच्या सीटवरच्या माणसाची झोपही मोडत नाही.

पाय उचलला आणि गाडी गिअरमध्ये असली, की इंजेक्शनवाल्या इंजिनात इंधनाचा पुरवठाच थांबतो. उलट चाकंच इंजिनाला फिरवतात. आत हवा ओढायला आणि दाबायला लागणारे कष्ट, घर्षण, या सगळ्यात उताराची ऊर्जा जिरते. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल जळतं, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद करून उतरणं तर आत्मघात आहे. ब्रेकची आणि स्टीअरिंगची मदत त्याच्याबरोबरच जाते.

सतत दाबलेले ब्रेक तापतात. लायनर तापले की त्यांची पकड सैल होते. करपल्याचा वास येतो, तो घाटात अनेकांनी घेतलेला असतो. त्याहून घातक गोष्ट दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ प्रकारचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर त्याची हमी १४० अंशांवर येते. तेल उकळलं की नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते. मग पेडल तळाला टेकतं आणि गाडी थांबत नाही. डोंगरातला चालक ज्या क्षणाला भितो, तो हाच.

एसटीच्या आणि ट्रकच्या जुन्या चालकांचा एक दंडक आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डबल क्लच मारून गिअर टाकणाऱ्या पिढीने तो पुढच्या पिढीला तोंडी दिला. क्लचचं पेडल गेलं म्हणून तो खोटा ठरत नाही. डोंगराचा उतार तेवढाच आहे, गाडीचं वजनही फारसं घटलेलं नाही.

गाडीची अक्कल इथेही पाठराखण करते, ही मला सुंदर गोष्ट वाटते. फार वेगात असताना पहिला मागितला, तर ती देत नाही, कारण इंजिन मर्यादेबाहेर फिरेल. गाडी थांबू लागली, की आपण विसरलो तरी ती स्वतःच खाली येते. म्हणजे ‘एम’ ही एकट्याची सत्ता नव्हे. दूरचं आपण पाहायचं, जवळचं तिने सांभाळायचं, अशी ती वाटणी आहे. कात्रजच्या चौकात, ठाण्याच्या कोंडीत खुशाल ‘डी’वर राहावं. तिथे डाव्या पायाला मिळालेली विश्रांती हे यंत्राचं मोठं देणं आहे आणि ते मोकळ्या मनाने घ्यावं.

घाटात मात्र हात लिव्हरकडे गेला, की लक्षही परत येतं. कान इंजिनाकडे लागतात, डोळे दोन वळणं पुढे जातात, गाडीचं वजन अंगाला जाणवू लागतं. गाडी चालवण्यातला आनंद म्हणतात तो मला तरी याहून वेगळा माहीत नाही.

तेव्हा तुमच्या गाडीत ‘एम’ असेल, स्टीअरिंगमागे पाती असतील किंवा नुसतं खालच्या गिअरचं ‘एल’ असेल, तर ते आधी सपाट, रिकाम्या रस्त्यावर वापरून पाहा. अधिक कुठल्या बाजूला आणि उणे कुठल्या, हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. ते हाताला घाटाच्या आधीच ठाऊक हवं. पावसात एकेकच गिअर उतरवा, तोही वळणाच्या अलीकडे. इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा मागचा लाल दिवा बहुधा लागत नाही, म्हणून मागे कुणी असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आपल्या वाहतुकीच्या नियमांतही ते लिहिलेलं आहे. आणि उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच, दुसरा घ्या.