आखूड जॅकेट

लेकीच्या विवाहासाठी एडिंबरोला गेलेल्या वडिलांनी व्याह्यांचा मान राखून किल्ट नेसण्याचे मान्य केले. जॅकेटची पुढची बटणे लागेनात, म्हणून त्यांनी मोठे माप मागितले. वाढत्या अंगाचा सदरा शिवण्याची सवय साठीतही सुटत नाही! शिंप्याने काखेखालून फीत फिरवली. छाती ४० इंच भरली, जॅकेटही ४०चेच. किल्ट बेंबीपाशी बसतो, म्हणून त्यावरचे जॅकेट साध्या कोटाहून आखूड असते. लांब घेतल्यास मागच्या चुण्या झाकल्या जातात. शिवाय प्रिन्स चार्ली धाटणीच्या जॅकेटची बटणे पुढून लावायचीच नसतात. खांदे नेमके बसले. अस्तनीखाली सदऱ्याची कड किंचित दिसली.

“बाबा, आई असती तर हसली असती.”

“हसूनही मागची चुणी तिनेच सारखी केली असती,” आरशाकडे पाहत ते म्हणाले.