तगादा

महसुलाच्या दप्तरात ज्याच्या नोकरीची तीस वर्षे गेली, त्याला ‘तगादा’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. शेतसाऱ्याची बाकी राहिली की मागणीचा कागद निघे, कोतवाल तो घेऊन वाड्यावस्त्यांवर जाई, आणि ज्याच्या नावाने तो असे त्याचा जीव चार दिवस थाऱ्यावर नसे. परंतु त्या तगाद्यालाही एक मर्यादा होती. तो दिवसाउजेडी येई, दारात उभा राहून आपले म्हणणे सांगे, आणि सूर्य बालाघाटाच्या डोंगरांमागे उतरला म्हणजे सरकार आणि रयत दोघेही आपापल्या भाकरीपाशी बसत. सेवानिवृत्त होऊन मी येडशीस परतलो तेव्हा दप्तराबरोबर तगादाही सुटला अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो माझ्या खिशात बसून घरापर्यंत आला होता आणि रात्री माझ्या उशापाशी निजत होता.

हे मला नीट उमगले ते डिसेंबर 2024 मध्ये. येडशी-रामलिंग घाटाचे अभयारण्य म्हणजे जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे रान; 1997 साली ते राखीव झाले. लांडगा, कोल्हा, मोर, वानरे एवढीच त्याची आमच्या लेखी ओळख. त्या महिन्यात वनखात्याच्या कॅमेऱ्यात वाघाचे चित्र उमटले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून तो पायी, शेकडो किलोमीटरचा मुलूख तुडवीत आला असल्याचे वनखात्याने सांगितले. वास्तविक आमच्या डोंगराला हा केवढा मान! परंतु माझ्या वाट्याला तो मान आला नाही. आल्या त्या मोबाईलवरच्या चित्रफिती. कुठला वाघ, कुठले रान, कुठली रक्ताने माखलेली गाय, कशाचाही ठावठिकाणा नसलेली ती दृश्ये रात्रंदिवस येत राहिली, आणि प्रत्येक टिणटिणाटासरशी छातीत एक ठोका चुकत राहिला. एका रात्री अडीचच्या सुमारास, अंगावर रजई, तोंडावर त्या पडद्याचा निळसर उजेड, अशा अवस्थेत मी बसलो असता पलीकडच्या बाजेवरून आईचा आवाज आला, “काय बघायलास रं एवढ्या रातीला? वाघ काय त्या डबीत हाय व्हय?”

मी काही उत्तर दिले नाही, पण झोपही लागली नाही. सकाळी घाटाच्या अंगाला शेळ्या राखणारा एक ओळखीचा गृहस्थ भेटला. त्याने वाघाच्या बातमीसरशी शेळ्या उन्हे असतानाच माघारी आणायला सुरुवात केली होती, गोठ्याच्या काट्या नव्याने आवळल्या होत्या, आणि रानात एकट्याने न जाता तिघाचौघांनी मिळून जाण्याचे ठरवले होते. एवढे करून तो रात्री स्वस्थ झोपत होता. ज्याचे सारे धन रानात, तो निजला. आणि दाराला कडी लावून बसलेला मी जागा. पुष्कळ विचाराअंती मला त्याचे कारण असे दिसते, की त्याच्या भीतीला हाताने करावयाचे काम मिळाले होते, तर माझ्या भीतीला आणखी एक चित्र पाहण्यावाचून दुसरे कामच नव्हते. दूरच्या देशातील युद्ध, अनोळखी माणसाचा अपघात, बाजारभावाची घसरण या सर्वांचा तगादा तो पडदा आपल्यास लावतो, आणि त्यांपैकी एकाचीही वसुली आपल्या हातून होण्यासारखी नसते.

शिवाय शरीराचेही काही म्हणणे आहे. माणूस एरवी मिनिटाला साधारणपणे पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. पडद्यावर दृष्टी खिळली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली जाते, आणि डोळे कोरडे पडून चुरचुरू लागतात. जवळचे पाहताना नेत्रभिंगाला धरून असलेला बारीक स्नायू आकुंचित राहतो व नजर लांब गेली म्हणजेच तो सैल पडतो. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी वीस फुटांपलीकडे पाहावे असे नेत्रवैद्य सांगतात. त्यात भर अशी, की वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, पोथीला अध्याय असतो, कीर्तनाची आरतीने सांगता होते. या पडद्याला मात्र तळच नाही, कितीही वर सारा, खालून नवे येतच राहते.

मी निश्चय पुष्कळ केले. रात्री नऊनंतर पाहायचे नाही अशी स्वतःलाच ताकीद दिली, आणि ती तीन दिवस टिकली. त्यानंतर एका श्रावणातल्या दुपारी मोबाईल घरातल्या देवळीत ठेवून रामलिंगास गेलो. पायऱ्या उतरताना डावा हात सवयीने चारदा रिकाम्या खिशाकडे गेला, आणि चारही वेळा काहीतरी हरवल्यासारखे काळजात लक्क झाले. मंदिरापाशी ओढा भरून वाहत होता. कठड्यावर एक वानरी पिलाच्या पाठीवरचे केस एकेक बाजूला सारून इतक्या निगुतीने पाहत होती, की तिच्याकडे पाहता पाहता माझा हात खिशाकडे जायचा राहून गेला. पुढे नजर आपोआप वर चढली: ओल्या खडकावरून झाडीवर, झाडीवरून डोंगराच्या धारेवर, आणि तिथून एका घारीच्या मागोमाग मोकळ्या आभाळात. रावणाने घायाळ केलेला जटायू इथेच पडला, आणि त्याची तहान भागवण्यासाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून इथे पाणी काढले, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. त्या कथेत जटायूचा थोरला भाऊ संपाती समुद्रकिनाऱ्यावर बसून थेट लंकेतली सीता पाहतो. ज्या स्थळाची स्मृती इतक्या दूरदृष्टीच्या कुळाशी जोडलेली आहे, तिथे राहणाऱ्या आम्ही आपली नजर वीतभर अंतरावर कोंडून घ्यावी याचे मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटले. लहानपणी अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाईट घाट चढे तेव्हा सारा डबा खिडकीला लागलेला असे. 2008 मध्ये रुंद रूळ झाले, गाडी वेगाने धावू लागली. पण आता खिडकीबाहेर कोण पाहतो?

त्या रात्री मी सहा तास सलग झोपलो. तथापि रोज रामलिंगास जाणे घडत नाही, आणि एकट्याचा निश्चय घरातल्या इतर चार पडद्यांपुढे टिकत नाही, हेही तितकेच खरे. यावर उपाय सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली शोधला. तिथे संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. आपल्याच जिल्ह्यात उमरगा तालुक्यातील जकेकूरवाडीनेही सायंकाळी सहा ते आठ असाच नेम धरला. सक्तीने हे साधत नाही, गावाच्या संमतीने साधते. कारण शेजाऱ्याचा पडदाही त्याच वेळी मिटलेला असला म्हणजे आपले काही चुकते आहे ही रुखरुख उरत नाही. एकट्याने पाळला तर तो उपास ठरतो, गावाने पाळला तर तीच वहिवाट होते.

म्हणून येडशीच्या ग्रामस्थांपुढे माझा हा अर्ज आहे. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, दिवेलागणीचा एक तास गावाने मुक्रर करावा, आणि त्या तासाची खूण म्हणून देवळातली घंटा वाजवावी. घंटा वाजवण्याचे काम माझ्याकडे द्यावे. मी रोज वेळेवर हजर राहीन.