सातव्या दिवशीचा पाऊस

लॅबमधला माझा पहिला महिना काच घासण्यात आणि कापसाचे बोळे वळण्यात गेला. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी सूक्ष्मजीवांकडे निघाले होते. वाटेत आधी मोरी लागते, हे कुणी सांगितलं नव्हतं. टेस्ट ट्यूब ब्रशनं घासायच्या, नळाखाली विसळायच्या, मग डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा. लॅबचे मामा स्टुलावर बसून बघत असायचे. एक दिवस म्हणाले, "वाती वळता येतात का?"

"येतात."

"मग बोळेही येतील. कापूस तेवढा वेगळा. हा पाणी पीत नाही."

बोळा फ्लास्कच्या तोंडात असा बसला पाहिजे, की त्याला धरून फ्लास्क उचलता यावा आणि ओढून काढला की 'पक्' वाजावं. हवा आत जाते, जंतू मात्र तंतूंच्या गुंत्यात अडकून बाहेरच राहतात. मामा आवाजावरून पास-नापास ठरवत. मी चौथ्या दिवशी पास झाले. त्यानंतरच्या कुठल्याही परीक्षेचा मला इतका आनंद झालेला नाही.

विषय मिळाला मातीतल्या अ‍ॅक्टिनोमायसीट्सचा. दिसायला बुरशीसारखे धागेदार, पण जातीनं जीवाणू. मॅडमनी विचारलं, "माती कुठली आणणार?" मी म्हटलं, "घरची." शिरूर तालुक्यात आमचं थोडं रान आहे. मार्चच्या सुरुवातीला गेले तेव्हा ज्वारी निघून गेली होती, धसकटं उभी होती. वरचा थर बाजूला सारून चार बोटं खालची माती घ्यायची, म्हणून मी बसले आणि स्पिरिटनं चमचा पुसू लागले. अण्णा बांधावरून बघत होते.

"मातीत घालायला चमचा धुतेस?"

"मातीतलेच जंतू यायला हवेत, अण्णा. माझ्या हातावरचे नकोत."

"आणि पुण्यात काय माती नाही?" एवढं बोलून ते विहिरीकडे गेले. पण संध्याकाळी एसटीत बसताना त्यांनी ती पिशवी माझ्या मांडीवर अशी ठेवली, की जणू आत अंडी होती.

लॅबमध्ये सगळं बर्नरच्या ज्योतीभोवती चालतं. तारेचा लूप लाल होईपर्यंत तापवायचा, निवू द्यायचा, ट्यूबचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं. ज्योतीजवळ बोलायचं नाही, खोकायचं तर मुळीच नाही. पीएच.डी. करणाऱ्या ताईनं पहिल्याच दिवशी हे बजावलं. आजीला सांगितलं तर ती खूश. "म्हणजे सोवळंच की गं!" मला तेव्हा हसू आलं आणि पटलंही. आता पटत नाही. सोवळं आधी माणूस कोण ते बघतं. ज्योत हात कुणाचे ते विचारत नाही, कुलगुरूंचे हातही तिच्या लेखी तितकेच जंतूंनी भरलेले. आजीच्या देवघराचा उंबरा मामांना ओलांडता आला नसता. इथे त्यांनी ऑटोक्लेव्ह लावल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

अगार ओतायची वेळ हातानंच कळते. ऑटोक्लेव्हमधून १२१ अंश सोसून आलेला फ्लास्क ताई मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. चटका सोसवला की ओतायचा. फार निवला तर फ्लास्कमध्येच थिजतो, फार गरम ओतला तर झाकणावर वाफेचे थेंब धरतात. हा अगार म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात खिरीत पडणारा चायना ग्रास. तो प्रयोगशाळेत आला तोही स्वयंपाकघरातूनच. जर्मनीत वाल्टर हेसे यांचं जंतू वाढवायचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं. त्यांची बायको फॅनी जेलीत अगार घालायची. १८८१ साली तिनं नवऱ्याला तोच सुचवला. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूवर लिहिताना अगारचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. प्लेटला मात्र पेट्रीचं नाव मिळालं. जाऊ दे.

पहिल्या खेपेला मी बुरशीनाशक घालायलाच विसरले. चार दिवसांनी सगळ्या प्लेट्समध्ये काळी-हिरवी लव माजलेली, झाकणाला टेकलेली. मॅडम बघून म्हणाल्या, "छान बाग फुलवलीस. आधी ऑटोक्लेव्ह कर, मग धुवायला टाक." आठवडा पाण्यात गेला. त्या रात्री हॉस्टेलवर मी कुणाशी बोलले नाही.

दुसऱ्यांदा एक ग्रॅम माती नऊ मिली पाण्यात, त्यातलं एक मिली पुढच्या नऊ मिलीत, असं दहा लाखाव्या हिश्श्यापर्यंत उतरत गेले. पहिल्या ट्यूबमध्ये गढूळ ओढा, शेवटच्या ट्यूबमध्ये बघायला गेलं तर निव्वळ पाणी. त्या निव्वळ पाण्याच्या थेंबातूनही ठिपके उगवतात, हे डोळ्यांनी बघेपर्यंत मला खरं वाटलं नव्हतं.

प्लेट्स २८ अंशांना इन्क्युबेटरमध्ये गेल्या. इतर जीवाणू दुसऱ्या दिवशीच चकचकीत, ओलसर दिसू लागले. माझी मंडळी सावकाश. तिसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे चिवट ठिपके. लूपनं उचलायला गेलं तर उचलेनात, अगारमध्ये मुळं धरून बसलेले. पाचव्या दिवशी त्यांवर खडूची पूड उडाल्यासारखं झालं. काही राखी, काही पांढरे, एक फिकट गुलाबी.

सातव्या दिवशी झाकण उचललं आणि मी खिडकीकडे बघितलं.

बाहेर मार्चअखेरचं पुणं भाजत होतं. आत मात्र पावसाचा वास होता. तापलेल्या रानावर पहिली सर पडल्यावर येतो तो, आमच्या बांधावरचा. मी प्लेट नाकाशी नेली.

"प्लेट हुंगायची नसते," मॅडम मागून म्हणाल्या. बरोबरच होतं, प्लेटवर काय उगवलंय ते आधी कुणाला ठाऊक असतं? पण मग त्याच हळू म्हणाल्या, "आला का पाऊस?"

तो वास जिओस्मिनचा. १९६५ साली गर्बर आणि लेशव्हेलिए यांनी स्ट्रेप्टोमायसीस या अ‍ॅक्टिनोमायसीट्समधल्याच जीवाणूंमधून हे द्रव्य वेगळं केलं. नावाचा ग्रीक अर्थच मातीचा वास. एक लाख कोटी भागांत चार-पाच भाग असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. उन्हाळाभर जीवाणू ते मातीत साठवतात, पावसाचे थेंब ते उडवून हवेत सोडतात. कशासाठी? २०२० मध्ये छापून आलेल्या एका संशोधनात त्याचं एक उत्तर मिळालं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे बारकेसे उड्या मारणारे जीव असतात, ते या वासानं येतात, स्ट्रेप्टोमायसीस खातात आणि त्याचे बीजाणू अंगावरून पोटातून दूरवर नेऊन टाकतात. खरं सांगायचं तर वाचून मला थोडं लागलं. ज्या वासावर आपण पिढ्यानपिढ्या भाळलो, तो आपल्यासाठी नव्हताच.

याच कुळातून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे जंतूंना मारणारं औषध निघालं. आणि पुण्याबाहेर पिंपरीला, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ज्या जीवाणूतून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. पिंपरीला जाणाऱ्या बसमध्ये उभी असताना मला ते नाव आठवायचं आणि आपल्याही गावाचं लॅटिन करून बघावंसं वाटायचं.

तशी वेळ आली नाही. मी अकरा कॉलनी वेगळ्या केल्या, स्टॅफिलोकॉकससमोर तपासल्या. एकीभोवतीही झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं मोकळं कडं, आला नाही. जंतू जोमात वाढले, अगदी कडेपर्यंत. प्रबंधात ते तसंच लिहिलं.

जूनमध्ये अण्णांचा फोन आला, रानात पाऊस झाल्याचा. मी त्यांना जिओस्मिनचं सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "वास आला म्हणून पेरायचं नसतं. वीतभर ओल लागते."

सातव्या कॉलनीची स्लँट, तिरप्या अगारची ट्यूब, अजून लॅबच्या फ्रिजमध्ये आहे, चार अंशांवर. लेबलवर आमच्या रानाचा गट नंबर आहे. बोळा मीच वळलेला.