थॉर्नडाइकचे मांजर

बी.एड.ची परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला थॉर्नडाइकचे मांजर माहीत असते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेली मांजरे लाकडी पेटीत कोंडून आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीबाहेर खाणे, आत मांजर. ते ओरबाडते, चावते, धडपडते आणि त्या धडपडीत केव्हातरी खटका दाबला जाऊन दार उघडते. पुढच्या खेपेला ते थोडे लवकर बाहेर पडते. अध्ययनाचे तीन नियम त्याच्या नावावर आहेत. तयारीचा, सरावाचा आणि परिणामाचा. आम्ही ते पाठ केले, पेपरात लिहिले, गुण मिळवले. त्या मांजराला पेटीत काय वाटत होते, हे मात्र प्रश्नपत्रिकेत कधी विचारले गेले नाही.

माझ्यापुढे हा प्रश्न एका बोक्याने आणला.

आम्ही अंधेरी पश्चिमेला, गिल्बर्ट हिलच्या काळ्या कातळापासून जवळच राहतो. झोपडपट्टी पुनर्वसनातली जुनी इमारत, २२५ चौरस फुटांची खोली. त्यात मी, माझे मिस्टर, सासूबाई, सात वर्षांची मुलगी आणि दोन मांजरी. थोरली चांदनी, धाकटी मुनिया. समोरची चाळ पुनर्विकासासाठी पाडली. माणसे भाड्याच्या घरांत पांगली. बोका मागे राहिला. मोठे डोके, फाटका कान, गालावर जुन्या जखमेचा व्रण. सगळी गल्ली त्याला ‘दादा’ म्हणायची.

चाळ गेल्यावर दादाने आमच्या मजल्यावर हक्क सांगायला सुरुवात केली. दारावर, चपलांच्या मांडणीवर मुताची पिचकारी. खिडकीच्या ग्रीलमधून पंजा घालून त्याने मुनियाचे नाक फोडले. चांदनी माळ्यावरून खाली उतरेना, खाईना. सोसायटीत तक्रारी सुरू झाल्या. कोणीतरी तोडगा सुचवला, पोत्यात घाला आणि वर्सोव्याच्या मच्छीबाजारात सोडून या. हा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. पण दुसऱ्या बोक्यांच्या हद्दीत टाकलेले मांजर बहुधा मार खाऊन, उपाशी मरते. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

भटक्या मांजरांसाठी सर्वमान्य रीत वेगळी आहे. पकडा, नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचलले तिथेच सोडा. अलीकडे महापालिकाही संस्थांमार्फत मांजरांची नसबंदी करते. शेजारच्या इमारतीतल्या एका ताईने पिंजरा आणून दिला. बोंबलाच्या वासाने दादा दुसऱ्या रात्री आत शिरला. ऑपरेशन झाले, रेबीजची लस झाली. रक्तही तपासून घेतले, कारण मांजरांना एचआयव्हीच्या जातीचा एक विषाणू होतो. १९८६ साली कॅलिफोर्नियात तो सापडला. माणसाला त्याची लागण होत नाही, पण भांडणातल्या खोल चाव्यातून एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. दादा त्यातून सुटलेला निघाला. आता जिथून उचलले तिथे सोडायचे, तर तिथे पायाचा वीस फूट खड्डा खणलेला होता आणि जून तोंडावर होता.

“अगो, माणसाला पाय पसरायला जागा नाही, याला कुठं ठेवणार?” अम्मींनी विचारले. त्यांचे बरोबरच होते. तरी त्या ‘नको’ म्हणाल्या नाहीत. मांजराने तोंड लावलेले पाणी नापाक होत नाही, ती घरात फिरणारीच असतात, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या.

मांजरांवरची पुस्तके सांगतात, नव्या मांजराला स्वतंत्र खोली द्या. आमच्याकडे स्वतंत्र म्हणजे मोरी. दिवसभर दादा मोरीत. आंघोळीच्या वेळी त्याचा पिंजरा जुनी चादर पांघरून ओट्याखाली. असे दोन आठवडे नव्हे, पाच आठवडे चालले. नसबंदीनंतर बोक्याच्या वागण्यातला नराचा अंमल लगेच उतरत नाही, काही आठवडे लागतात. तो उतरला की बहुतेक बोक्यांचे पिचकाऱ्या मारणे आणि भांडणे कमी होते. शेजारच्या खाला म्हणायच्या, “सोड एकदाचा. दोन दिवस भांडतील, मग आपोआप ठरेल कोण मोठा.” माणसांच्या भांडणांबद्दलही आपण असेच म्हणतो. पण मांजर हे कळपाचे जनावर नाही. २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसले, की जगभरची पाळीव मांजरे पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली. ते रानमांजर एकट्याने शिकार करणारे. त्याच्या लेखी अनोळखी मांजर म्हणजे हातचा घास जाणे. पहिल्या भेटीत रक्त निघाले तर ती भेट दोघांच्याही लक्षात राहते आणि पुढची प्रत्येक भेट तिथूनच सुरू होते.

म्हणून भेट आधी वासाची. मांजराच्या गालात गंधाच्या ग्रंथी असतात. टेबलाच्या पायाला, आपल्या पोटरीला ते गाल घासते तेव्हा तिथे आपली सही करून ठेवते. माझ्या जुन्या ओढणीचे दोन तुकडे केले. एक दादाच्या गालावरून फिरवून मांजरींच्या ताटलीजवळ ठेवला, दुसरा मांजरींच्या अंगावरून फिरवून मोरीत. मुनियाने हुंगला आणि बाजूला झाली. चांदनी त्याच्यावर फिस्कारली. रोज तेच. नवव्या दिवशी चांदनीने त्या तुकड्याशेजारी बसून मांदेली खाल्ली.

मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण. सुरुवातीला ताटल्या दारापासून लांब, मग वीतभर पुढे. पुढे सरकवल्यावर कोणी खाणे सोडले की पुन्हा मागे. थॉर्नडाइकचा परिणामाचा नियम हाच. ज्या कृतीमागून सुख येते ती पक्की होते. त्याच्या वासामागून मासळी येते, एवढे मांजरींना कळायला हवे होते. तिसऱ्या टप्प्यात मिस्टरांनी जुन्या खिडकीची मच्छरजाळी चौकटीत ठोकून मोरीच्या दारात बसवली. आता एकमेकांना बघणे. आधी अर्धा मिनिट, मग एक. कान मागे गेले, नजर खिळली, शेपटी फटके मारू लागली की मध्ये पुठ्ठा सरकवायचा. हात कधीच घालायचा नाही. भांडणाऱ्या मांजराचा दात खोल जातो. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण रेबीज मांजरापासूनही होतो. हे मुलीला पहिल्या दिवशीच घोकून घेतले होते.

दादा जाळीवर धडकायचा तेव्हा अम्मी झाडू उगारायच्या. मी त्यांना थांबवायची. पुढे १९३० च्या सुमारास थॉर्नडाइकने आपला नियम स्वतःच दुरुस्त केला, तो आमच्या नोट्समध्ये एका ओळीत होता. बक्षिसाने शिकलेले पक्के होते, पण शिक्षेने चूक तितकीशी पुसली जात नाही. झाडू खाल्लेला दादा एवढेच शिकला असता, की चांदनी दिसली की मार बसतो. मग त्याने चांदनीवर प्रेम कशासाठी करावे? वर्गातही हेच दिसते. घर तुटून दुसऱ्या वस्तीतून आलेले पोर पहिल्या आठवड्यात बाकावरच्या मुलाला बुक्का मारते. छडीने ते गप्प बसेल, पण बाकावर त्याची जागा होणार नाही.

तयारीचा नियम सगळ्यात अवघड. तयारी नसताना करायला लावले तर मन उलटते, असे तो सांगतो. तयारी कोणाची, हे मात्र आम्ही मोठी माणसे ठरवतो. इथे ते चांदनीने ठरवले. जाळी निघाली ती अडीच महिन्यांनी. त्याआधी माळ्याखाली दोन फळ्या ठोकल्या, म्हणजे तिला जमिनीवर न उतरता खोली पार करता येईल. मांजरांच्या हिशेबात उंचीही जागाच असते. मांजरे जितकी, त्याहून एक रेतीचे टब जास्त ठेवावे म्हणतात. आमच्याकडे तीनच मावले. खाण्याच्या ताटल्या तीन कोपऱ्यांत, एकमेकांना न दिसणाऱ्या.

मुनियाने दादाला चौथ्या महिन्यात पत्करले. ती त्याच्या शेपटीशी खेळते, तो खेळू देतो. चांदनीने पत्करलेले नाही. ती फळीवरून जाते, तो खालून जातो. तो वर बघत नाही, हे तो शिकलाय. समोरासमोर आलेच तर तो मान वळवून बसतो आणि ती निघून जाते. शेजारच्या खाला विचारतात, “झाली का दोस्ती?” दोस्ती नाही झाली. एका छताखाली तिघे पोटभर जेवतात, कोणाचे रक्त निघत नाही आणि चांदनीचे वजन परत भरले आहे. तिच्याकडून यापेक्षा जास्त मागण्याचा हक्क मला आहे असे वाटत नाही. तिला कोणी विचारून दादाला घरात आणले नव्हते.

समोर चाळीच्या जागी सातवा मजला चढतो आहे. रात्री दाराला कडी लावण्याआधी अम्मी मोजतात. चांदनी माळ्यावर, मुनिया गादीवर, दादा दाराजवळच्या पायपुसण्यावर. ती जागा त्याची त्यानेच निवडली.